युकुलेलीचं पाणी

लातूरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत सरजाबाई बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं बॅग उघडून नांदेडला परतणाऱ्या एका कॉलेजच्या पोरीला गिटारीच्या पिलाएवढं वाद्य दाखवलं, तशी सरजाबाई कान देऊन ऐकू लागली.

“एवढी भारी युकुलेली काहून विकून राहिलात, काका?”

“घरभर वाद्यं झाली, बाई. आता फक्त ढोलकी ठेवतो.”

“पण ही सगळ्यात आधी?”

“तुमच्या नांदेडात नळ कधी येतो?”

“दिसाआड. का बरं?”

“हिचं लाकूड लई नाजूक. हवा कोरडी पडली की तडकतंय. बॅगेत हा ओला स्पंज रोज ठेवावा लागतो. ढोलकीला काय, ऊनच मानवतंय.”

“अन् एवढ्या दुष्काळात त्याला पाणी कुठलं?”

“माझ्या प्यायच्यातलं घालतो.”

“काकू रागवत न्हाईत?”

“न्हाई. तिनं निमूट चहा सोडला.”

“…हा स्पंज तर वाळलाय, काका. थांबा, माझ्या बाटलीतलं घालते. झालं. घ्या, तुम्हीबी प्या दोन घोट.”

“मला नको, बाई. उरलेलं घरी न्यू का? चहापुरतं हाय.”