भरतीखालचं देऊळ

—नाही, नाही, बसा ना किसनरावजी. नागपूरहून पिपरी मेघेपर्यंत आलात तर बसा. चहा मात्र ठेवणार नाही. गॅस आहे, दूध आहे — मीच ठेवणार नाही. आणि हळू बोला, पोरगी, गुंजन, तापात होती, आत्ता कुठं डोळा लागलाय. काय म्हणालात — एका ओळीचा तर प्रश्न आहे? ती ओळ माझी आहे. तुमच्या कंपनीच्या कोकणातल्या बंदराचा पर्यावरण अहवाल, त्यातलं वारसास्थळांचं प्रकरण कोणी लिहिलं? मी. एलएलबी झालेली, पोर मांडीवर घेऊन बसलेली, समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेली बाई. मला काऊन दिलं तुम्ही ते काम? हुशार होते म्हणून? मलाही तसंच वाटलं. सासूबाईंना सांगत फिरले, माझं नाव छापून येणार. आलं की!

फोटोंची दोन पाकिटं दिली होती तुम्ही. एकात खडकावरचं देऊळ, पाण्यात बुडालेलं, नुसता कळस वर. दुसऱ्यात देऊळ कोरडं, पायरीशी बाया हळदकुंकू घेऊन उभ्या. मी काय केलं? दोन देवळं धरली. एक पाण्याखाली गेलेलं — 'वापरात नाही'. दुसरं किनाऱ्यावरचं — 'प्रकल्पाच्या हद्दीबाहेर'. हसू नका. तुम्ही आर्वीकडचे, तुम्हाला तरी सुचलं असतं? आपल्याकडे पाणी चढलं की चढलं. माझ्या आईचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात मारुतीचा कळस दिसतो, पण पूजा कोण करते? देव नव्या गावठाणात आणून बसवला, मागे राहिले ते दगड. पाण्यातलं देऊळ म्हणजे लोकांनी सोडलेलं देऊळ — हे मी पुस्तकात नाही वाचलं, लहानपणापासून पाहात आले. समुद्राचं पाणी रोज उतरतं, रोज दोनदा उतरतं, आणि उतरलं की माणसं चालत जाऊन दिवा लावतात — हे मला कसं कळणार?

कळलं कसं, ऐका. शेजारी बँकेतल्या बदलीवर आलेले लोक आहेत, कांताताई मूळच्या रत्नागिरीकडच्या. मोठ्या तोऱ्यात त्यांना फोटो दाखवले. पोट धरून हसल्या हो. "अगो, देऊळ एकच! भरतीला असं नि ओहोटीला तसं!" मग मी कळसाची मोडकी कड पाहिली. दोन्हीकडे तीच. इतके दिवस माझ्या नाकासमोर.

लगेच तुम्हाला फोन केला. केला की नाही? तुम्ही काय म्हणालात — "राहू द्या मॅडम, छान जमलंय." छान! किनाऱ्याच्या कायद्यात वारशाची जागा पहिल्या वर्गात येते, तिथं बंदराचा धक्का बांधायला परवानगी नाही मिळत — तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून तर तुम्हाला देऊळ मेलेलं हवं होतं, आणि मी ते फुकटात मारून दिलं. माझ्या अडाणीपणावर तुमचा धक्का उभा राहून राह्यला साहेब, आणि तुम्ही संत्रा बर्फी घेऊन आलात! पुढच्या अहवालाचं काम घेऊन आलात! 'खाली नाव तुमचंच आहे' — हे मघाशी मायेनं म्हणालात की धमकावलंत? नाही, समजलं मला. वकिली केली नाही तरी एवढं समजते.

भीती वाटते का? वाटते ना. सनदसुद्धा घेतली नाही मी. लोकांना सांगते, पोर लहान आहे. खरं म्हणजे चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून घरी बसते. गुंजनच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना हेच डोक्यात — एवढी शिकून काय केलं बाई तू, एका गावाचा देव बुडवला. आणि नुसता देव नाही, त्याच खडकावर तिथल्या बाया कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, फोडतात, त्यावर घर चालते त्यांचं. ते माझ्या प्रकरणात कुठेच नाही. मला ठाऊकच नव्हतं, परवा त्या गावच्या सरपंचबाई फोनवर म्हणाल्या तेव्हा —

हो. बोलले मी त्यांच्याशी. असं बघू नका. सांगायचं नव्हतं तुम्हाला, निघालं तोंडातून. बंदराच्या जनसुनावणीला चालले आहे मी, पोर कडेवर घेऊन. यांनी रजा टाकली आहे, तेही येतात. कलेक्टरसमोर सांगणार — ही ओळ मी लिहिली, चुकीची लिहिली, चूक कळवली, आणि कळवल्यावर साहेबांनी ती मुद्दाम ठेवली. काय? समुद्र न पाहिलेल्या बाईचं कोण ऐकणार? तिचं लिहिलेलं चाललं ना तुम्हाला? मग बोललेलंही चालवून घ्या. हसतील तर हसतील. कांताताई हसल्या तेव्हा काही मेले नाही मी.

नाही. आमच्या फोनला हात लावू नका. नागपूरला कळवायचं असेल तर चौकात एसटीडी आहे. निघा.