चोर मराठीत रडत नाही

लतिका : चोळू नका हो बाबा. हात खाली घ्या. नुसते पाण्याचे हबके मारा.

नंदकुमार : मारतोय की गं. मघापासून तुझ्या सिंकमध्ये डोकं घालून उभा आहे, खरकट्या पातेल्यासारखा. तू बँक टाकून आलीस होय?

लतिका : जुईचा फोन आला, "आई, मैंने चोर को मार दिया, पर वो आजोबा निकले." त्यानंतर अमौसीच्या शाखेत बसून लोकांच्या कर्जाच्या फायली चाळू का मी?

जुई : सॉरी आजोबा. सच्ची में सॉरी.

नंदकुमार : सॉरी राहू दे बाळा. आधी सांग, काय उडवलंस माझ्यावर?

जुई : पेपर स्प्रे.

नंदकुमार : म्हणजे?

लतिका : मिरचीचा फवारा असतो बाबा. कुणी अंगावर आलं तर तोंडावर मारायचा.

नंदकुमार : मिरची होय. मग काय एवढं? सांगलीत जन्म काढला, रोज ठेचा खातो. लखनौच्या मिरचीत असा काय दम असणार.

जुई : आजोबा, आप रो रहे हो.

नंदकुमार : रडत नाही, पाणी येतंय. दोन्हींत फरक आहे. आणि ते बाथरूमचं दार कुणी लावून घेतलंय? शॉवरखाली उभा राहिलो असतो तर एव्हाना मोकळा झालो असतो.

जुई : अंदर अनीश है.

नंदकुमार : मग त्याला म्हणावं, आजोबा आलेत, उघड.

जुई : नहीं खोलेगा. घंटी बजी कि उसका काम है, बाथरूम में जाके कडी लगाना. पासवर्ड बोलोगे तभी बाहर आएगा.

नंदकुमार : मग सांग की पासवर्ड.

जुई : "पिठलं" था. कल उसने बदल दिया. मुझे भी नहीं बताया. बोला, सीक्रेट है.

लतिका : मी आल्यापासून पिठलं म्हटलं, भाकरी म्हटलं, त्याच्या टीचरचं नाव घेतलं. आतून एकच उत्तर, "गलत."

नंदकुमार : पहिलीतलं पोर ते. एवढा हट्टीपणा कुणाचा घेतलाय कुणास ठाऊक.

लतिका : आई म्हणतात, तुमचा.

नंदकुमार : ते जाऊ दे. मला सांग, दुपारी पोरांजवळ ती शुक्लाबाई असते ना? ती कुठाय?

जुई : कौन शुक्ला आंटी? वो तो कब की चली गई.

लतिका : जुई, आतून कोरडा नॅपकिन आण.

नंदकुमार : आणू नको. थांब तिथंच. लतिका?

लतिका : दिवाळीनंतर गेली बाबा. मुलीचं बाळंतपण होतं, गोंड्याला, तिच्या गावी गेली ती परत आलीच नाही. मी दुसरी बाई शोधतेय. मिळत नाही.

नंदकुमार : आणि दर रविवारी फोनवर आम्हाला तिच्या पराठ्यांचं कौतुक सांगत होतीस ते?

लतिका : पराठे खरे होते. करत मी होते.

नंदकुमार : वा.

लतिका : खरं सांगितलं असतं तर आईंनी दुसऱ्या दिवशी म्हटलं असतं, नोकरी सोड.

नंदकुमार : म्हटलं असतं कशाला, म्हटलंय. तिला संशय आलाच होता, तिनंच पाठवलंय मला. पोरीला सांगलीला घेऊन या, नाहीतर सुनेला घरी बसवून या, दोनातलं एक केल्याशिवाय येऊ नका. म्हणून न कळवता आलो. म्हटलं, खरं काय ते डोळ्यांनी बघावं. आता डोळेच मिटून बसलोय.

जुई : मैं सांगली नहीं जाऊँगी.

नंदकुमार : तुला कुणी विचारलं का अजून?

जुई : वही तो. कोई पूछता ही नहीं.

लतिका : जुई, जाळीचं दार बंद होतं ना? मग मारलंस कशाला?

जुई : इन्होंने जाली में हाथ डाला, आई. अंदर से कडी खोल रहे थे. मुँह पे बंदर टोपी, ऊपर मफलर. सिर्फ आँखें दिख रही थीं.

नंदकुमार : म्हणून नेमकं तिथंच मारलंस. आणि ती माकडटोपी काय माझी हौस नाही. चारबाग स्टेशन यायच्या आधी तुझ्या आजीनं फोन करून करून घालायला लावली. लखनौची थंडी कानात शिरते म्हणे.

जुई : और बोले क्या पता है? "दरवाज़ा खोलो, पुलिस. तुम्हारे बाप को ले जाने आए हैं."

लतिका : बाबा.

नंदकुमार : थट्टा गं. मला वाटलं धैर्या आत आहे, त्याची जरा फिरकी घ्यावी.

लतिका : हिंदीत?

नंदकुमार : इथला पोलीस मराठीत बोलेल होय? एस.टी.त कंट्रोलर होतो मी, सगळा स्टँड दणाणायचा माझ्या आवाजानं. कुठली भूमिका करायची तर नीट करावी.

लतिका : अहो, मी पोरांना पढवून ठेवलंय, दाराशी जो मराठीत बोलेल तो आपला. बाकी कुणाला उघडायचं नाही. इथं तेलीबागेत दुसरं कोण येणार मराठी बोलत? तुम्ही नुसतं "जुई, दार उघड गं" म्हणाला असता तर काही झालं नसतं.

जुई : बाद में बोले ना मराठी. स्प्रे लगा तो वहीं बैठ गए. "आई आई गं, मेलो मेलो." तब मैं समझी. चोर मराठी में थोड़ी रोता है.

नंदकुमार : रडलो नाही म्हटलं ना.

लतिका : नाही. पाणी आलं.

नंदकुमार : हसा तुम्ही. पण लतिका, पोरांच्या हातात असली वस्तू द्यायची म्हणजे काय? डबा उलटा धरला असता तर तिचेच डोळे गेले असते. उद्या ते आतलं कार्टं दप्तरात घालून नेईल आणि मास्तरीणबाईंवर उडवेल.

लतिका : त्याला हात लावायची बंदी आहे. जुईला मी नीट शिकवलंय. रविवारी सराव घेतो आम्ही, झाडांवर पाणी मारायच्या बाटलीनं. धैर्यशील चोर होतो, माझी ओढणी तोंडाला बांधून.

नंदकुमार : माझा मुलगा. रेल्वेचा इंजिनिअर. ओढणी बांधून.

जुई : बाबा को हमेशा कान पे लगता है. सीधा तो आज पहली बार लगा.

नंदकुमार : मान माझा.

लतिका : मागच्या गल्लीत भरदुपारी चोर शिरले होते, बाबा. घरात म्हातारी एकटी. गॅसचा सिलिंडर सोडवून नेला, आणि वर तिलाच विचारलं, पाना कुठं ठेवलाय.

नंदकुमार : तिनं दिला?

लतिका : दिला. काय करेल बिचारी.

नंदकुमार : आणि म्हणून तू पोरीला डबा दिलास.

लतिका : मग काय करू सांगा ना. घरात ठेवायला माणूस मिळाला नाही म्हणून डबा आणला. मला काय हौस आहे? काउंटरसमोर माणूस बोलत असतो आणि माझं अर्धं लक्ष फोनकडे. मॅनेजरची परीक्षा पास झालेय मी, बाबा. रात्री पोरांना झोपवून अभ्यास केला. ऑर्डर यायची वेळ आली आणि तुम्ही म्हणताय दोनातलं एक.

नंदकुमार : मी नाही म्हणत, तुझी सासू म्हणते.

लतिका : निरोप घेऊन तर तुम्हीच आलात.

नंदकुमार : बरं बाई. रागावू नको. डोळ्यांची आग आहेच, त्यात आणि भर नको. माझी पिशवी कुठाय? हिनं डबा भरून भडंग दिलंय. जरा तोंडात टाका सगळ्यांनी.

(बाथरूमची कडी खट्‌कन निघाली. अनीश बाहेर आला, डोक्यावर प्लास्टिकची बादली, हातात टॉयलेटचा ब्रश. आजोबांना त्यानं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दोन्ही मुठी भरून भडंग घेतलं आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. पासवर्ड बरोबर आला होता की पोराला भूक लागली होती, ते नंदकुमारांना शेवटपर्यंत कळलं नाही.)

नंदकुमार : हत्यार तेवढं ठेव रे खाली.

लतिका : बाबा, एक मला कळलं नाही. धैर्यशील घरात आहे असं तुम्हाला वाटलं कशावरून? तो सकाळीच बाराबंकीला गेलाय, पुलाच्या कामावर.

नंदकुमार : त्याचे बूट नव्हते का दाराबाहेर. साईटवरचे, लोखंडी नाकाचे.

लतिका : ते जुने? ते तर मी माळ्यावर टाकलेत.

नंदकुमार : माळ्यावर कुठले. दाराशी जोडीनं ठेवलेले होते. चांगला ओला चिखल होता वर. म्हटलं, पोरगा आत्ताच आलेला दिसतोय.

लतिका : मी धावत आत आले, बघितलंच नाही. जुई, बूट कुणी काढले?

जुई : मैंने.

लतिका : कशाला?

जुई : स्कूल से आके बाहर रख देती हूँ. लगना चाहिए ना कि घर में कोई आदमी है. तेरे आने से पहले अंदर ले लेती हूँ. कीचड़ भी मैं ही लगाती हूँ. गमले का.

लतिका : रोज?

जुई : रोज.

लतिका : मला का नाही सांगितलंस गं?

जुई : बोलती तो तू समझ जाती.

नंदकुमार : काय समजलं असतं?

जुई : कि डर लगता है. फिर या तो मुझे सांगली भेजते, या आई नौकरी छोड़ती. फोन पे सब सुनाई देता है, आजोबा. आजी तो वैसे भी ज़ोर से बोलती है.

लतिका : पण स्प्रे होता ना तुझ्याजवळ? मला वाटलं, तो असला की तुला धीर येईल.

जुई : उससे ज़्यादा डर लगता है. पहले लगता था, कोई नहीं आएगा. अब लगता है आएगा ही, तभी तो दिया है.

लतिका : जुई.

जुई : और आज मैंने आँखें बंद करके दबाया था. संडे को जैसे सिखाया वैसे कुछ नहीं किया. मला नको तो, आई. मुझे नहीं चाहिए.

लतिका : इकडे ये. ये इकडे. नाही द्यायचा, बास. मी बघते काय करायचं ते. सोडते वाटलं तर बँक.

नंदकुमार : कुणी काही सोडायचं नाही. फोन वाजतोय माझा, तेवढा द्या इकडे. हिचाच असणार. कुणी मध्ये बोलू नका. हॅलो. हो, पोचलो गं. आवाज? आवाजाला काय झालंय? हो, घातली होती टोपी. तिनंच तर घात केला. काही नाही, काही नाही. शुक्लाबाई? आहे की. पराठे लाटतेय. चांगली बाई आहे, स्वच्छ. ऐक, जुईला आणता यायचं नाही. अगं, माझे डोळे आलेत. नाही, रेल्वेतली धूळ. डॉक्टर म्हणाली, प्रवास अजिबात नाही. आता किती दिवस ते मी कसं सांगू? महिने पण लागतील. नाहीतर असं कर, तूच ये. इतकी काळजी आहे तर ये की. हो, टोपी घालून ये. पण दाराशी आल्यावर आधी ती काढ, आणि मोठ्यानं मराठीत बोल. का ते आल्यावर सांगतो. ठेवतो.

लतिका : कुठली डॉक्टर, बाबा?

नंदकुमार : ही काय, माझे हात खाली धरून उभी होती मघाशी.

जुई : आजोबा, बोतल पे लिखा है, थोड़ी देर में अपने आप ठीक हो जाता है.

नंदकुमार : बाटलीवरचं तुझ्या आजीला कोण वाचून दाखवणार आहे?

लतिका : तुम्हाला करमायचं नाही इथं. तिथं तुमची माणसं, तुमचं सकाळचं फिरणं.

नंदकुमार : लतिका, कोण आलं, कोण गेलं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं, ह्यातच माझी नोकरी झाली. रिटायर झाल्यापासून कुणी माझं ऐकत नाही. इथं निदान एक दार तरी आहे. आणि तो डबा तू तुझ्या पर्समध्ये ठेव. थंडीत तू येतेस तेव्हा अंधारलेलं असतं.

लतिका : ठेवते.

नंदकुमार : आता तुला काय झालं?

लतिका : काही नाही. हवेत अजून मिरची आहे.

नंदकुमार : असेल. पाणी येतं तिनं.

जुई : आजोबा, बाबा के जूते अंदर ले लूँ?

नंदकुमार : घे. टाक माळ्यावर. आणि माझ्या चपला कुठायत?

जुई : धोके बालकनी में रखी हैं. उन पे भी उड़ा था.

नंदकुमार : वाळल्या की दाराबाहेर ठेव.

जुई : कीचड़ लगाऊँ?

नंदकुमार : नको बाळा. आता भाजी आणायला मीच जाणार. तो आपोआप लागेल.