शेजारची म्हातारी

शनिवारी सकाळी लिऑनमध्ये पावाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे ओदेतबाई हातातलं वर्तमानपत्र फडफडवत गिलेन नावाच्या मैत्रिणीशी बोलत होत्या.

“माझ्या थिबोनं त्या मारधाडीच्या सिनेमाबद्दल काय लिहिलंय, वाचलंस?”

“नाही बाई. वाईट लिहिलंय?”

“‘नुसता भपका. हिरो पेटत्या मोटारीतून उडी मारतो आणि कोटाला सुरकुतीही पडत नाही.’”

“मग, खोटं आहे का ते?”

“खरंय गं! म्हणून तर मी टाळ्या पिटल्या. आमचे हे गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर हसले. थिबो शेजारीच बसला होता. त्यानंच तर नेलं होतं मला.”

“मग चिडलीस कशाला?”

“पुढचं ऐक. ‘माझ्या शेजारची म्हातारी खिदळत होती, यावरूनच सिनेमाची लायकी कळावी.’”

“अगंबाई! तुझं नाव नाही ना घातलं?”

“नाव राहू दे. गाढवानं ‘आई’ तरी लिहायचं!”

“उद्या जेवायला येईलच ना? चांगला कान पिळ.”

“येऊ दे. दाराला कुलूप असेल. मी तोच सिनेमा पुन्हा बघायला जाणार आहे. येतेस?”

“येते. पण मी शिट्ट्या मारते हं.”

“मार. चांगल्या मोठ्यानं मार.”