ऐंशीच्या पुढे काय असतं

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे आपले व्यवस्थापक साहेब, ज्यांच्यासाठी आज आपण हातातली कामं टाकून इथे जमलो आहोत ते निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मिस्त्रीदादा, पहिल्या रांगेत संकोचून कडेची खुर्ची धरून बसलेल्या आमच्या वहिनी, आणि कितीही साबण लावला तरी ज्यांच्या नखांतलं ग्रीस निघत नाही अशा माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी या वर्कशॉपची तपासनीस. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर जाण्याआधी तिच्यात खोट काढणं हे माझं सत्तावीस वर्षांचं काम, त्यामुळे कौतुक करायची जिभेला सवय नाही. माझ्या आधीच्या वक्त्यांनी दादांच्या वक्तशीरपणाचं फार सुंदर वर्णन केलं. माझ्या नोंदवहीत त्याबद्दल थोडं वेगळं लिहिलेलं आहे, पण ते असो.

दादांना आपण त्यांच्या माघारी काय म्हणतो, हे इथे सांगितलं तर चालेल ना? 'बघूतरी'. हसू नका, त्यांना ठाऊक आहे. गाडी बिघडून आली तर सगळेच मिस्त्री ती उघडतात. दादा चांगली चालणारी गाडीही उघडायचे. "अहो दादा, चालतेय की ती," असं मी म्हणायचे. "चालतेय हो बाई, पण का चालतेय, बघू तरी!" आता या माणसापुढे तपासनिसाने काय बोलावं?

तर साडेचार वर्षांपूर्वी वहिनींच्या धाकट्या भावाने एक गाडी यांच्या दारात आणून सोडली. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, शर्यतीत पळवायची गाडी. इंजिनातलं तेल संपलेलं असताना मेहुण्यांनी ती दामटली आणि इंजिन कामातून गेलं. सहा महिने वहिनी तिच्यावर चादरी वाळत घालत होत्या. त्याच सुमारास आपल्या ताफ्यातला पेट्रोलवर चालणारा एक मालट्रक उलटला. सांगाडा गेला, इंजिन मात्र ठणठणीत. ते दादांनी कंपनीकडून रीतसर घेतलं. साहेब, कागद आहेत, माझ्याकडे असे बघू नका.

ट्रकचं इंजिन आणि शर्यतीच्या गाडीत? मी कपाळाला हात लावला. दादांनी मला खडूने जमिनीवर आकृती काढून दाखवली. दोन्ही इंजिनं एकाच कारखान्यात बनलेली. भावंडंच म्हणा ना. एक शहरात शिकायला गेलं, दुसरं वखारीत पोती उचलायला लागलं, पण खांद्यांचं माप एकच. बोल्टची भोकं जुळतात, गिअरबॉक्स जुळतो. फक्त हे लोखंडाचं, म्हणून वजनदार, आणि आतून मूळच्यापेक्षा पाऊण लिटरने मोठं. "मग ते जुळेलच का?" मी विचारलं. "तेच तर बघायचंय," म्हणाले.

मग चार वर्षांचे रविवार गेले. मी आधी फक्त खोट काढायला म्हणून डोकवायचे. नंतर डबा घेऊन जायला लागले. इंजिन आत बसलं, पण त्याचं डोकं एवढं उंच की बॉनेट चार बोटं वर राहायचं. खालची तेलाची परात इतकी खोल की आडव्या दांड्याला अडायची. दादांनी पुठ्ठ्याची परात बनवली, ती अडते कुठे ते पाहिलं, कापली, पुन्हा बनवली. अशा अकरा पुठ्ठ्यांच्या पराती झाल्यावर बारावी पत्र्याची. मी मोजल्या आहेत, मोजणं माझा धंदा आहे. बॉनेटचं मात्र कोडं सोडवायला त्यांनी सरळ त्याला भोक पाडलं. वहिनी म्हणाल्या, "आता चादरी कुठे घालू?"

या फेब्रुवारीत गाडी पहिल्यांदा आपल्या आवारामागच्या चाचणीच्या रस्त्यावर आली. दोन किलोमीटर सरळ, दोन्हीकडे कुंपण, माणूस नाही की जनावर नाही. दादा चालवायला, नियमाप्रमाणे मी शेजारी. त्यांनी पाय दाबला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरली. ताकद फार, अंगात वजन नाही. आता शर्यतवाले अशा वेळी काय करतात कोण जाणे. आपण ट्रकवाले. आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, माल भरा. पुढच्या फेरीला त्या देखण्या गाडीच्या डिकीत वाळूची चार पोती होती. आणि खरं सांगते, ती नीट चालायला लागली!

पण चालली किती? ऐंशी. ऐंशीला पोचली की इंजिन अडून बसायचं, जणू कोणी मागून शेपूट पकडलंय. दादा विचारायचे, "किती झाले?" मी सांगायचे, "ऐंशी." पुन्हा फेरी. "किती?" "ऐंशी." पेट्रोलचा पंप बदलला. गाळण्या बदलल्या. वायरिंग सगळं सोडून पुन्हा जोडलं. पोती काढली, पोती ठेवली. तीन रविवार अख्खं वर्कशॉप त्या गाडीभोवती डोकं खाजवत उभं होतं. तुमच्यापैकी निम्मे तरी होतात, माना खाली घालू नका.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती दादांची परवानगी घेऊनच सांगते. तिसऱ्या रविवारी वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, हा महिना संपला की गाडी चालवायची नाही. कुठलीच. कायमची." तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस मला "किती झाले" का विचारतो. मला वाटायचं, हौस आहे. त्यांना काटाच दिसत नव्हता. पण इंजिन कुठेतरी अडतंय हे त्यांना नुसत्या आवाजावरून माझ्या आधी कळायचं. आणि महिना संपायच्या आत, ते इंजिन मोकळं सुटल्यावर कसं वाजतं, एवढंच या माणसाला जाणून घ्यायचं होतं. मला फार वाईट वाटलं. रागही आला, मला आधी का नाही सांगितलं म्हणून.

त्या बुधवारी मी एकटीच गाडीत बसले आणि डॅशबोर्डखाली हात घालून इंजिनाचा कंट्रोल डबा ओढून काढला. ट्रकच्या इंजिनाबरोबर ट्रकचाच डबा बसवला होता. त्याच्यावर एक चिठ्ठी होती. 'वेगमर्यादा ८०. तपासले.' आणि खाली सही. माझी.

आपल्या कंपनीचा एकही ट्रक ऐंशीच्या वर जात नाही, हे कुणाला नवीन आहे? ती मर्यादा मीच घालते. प्रत्येक डब्यात, माझ्या हाताने. ज्या वर्कशॉपमधल्या प्रत्येक डब्यावर ती चिठ्ठी असते, तिथे ती कुणाला दिसणार? आपण पंप शोधला, गाळणी शोधली. ऐंशी ही मर्यादा असू शकते हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही, कारण आपल्याला ऐंशी म्हणजे वेगाचा शेवटच वाटतो. मी स्वतः आयुष्यात कधी ऐंशीच्या पुढे गेले नव्हते. तीन आठवडे आपण जी खोट शोधत होतो, ती माझी सही होती.

मी दादांना चिठ्ठी दाखवली. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "काढा मग बाई. पाच मिनिटांचं काम."

आणि मी म्हटलं, "नाही."

ज्या माणसाला काटा दिसत नाही, त्याच्या गाडीची मर्यादा मी काढू? सत्तावीस वर्षं मी अनोळखी ड्रायव्हरांच्या जिवासाठी तुम्हा सगळ्यांशी भांडले. मग ओळखीच्या माणसासाठी भांडायचं नाही का? मी त्यांना सरळ सांगितलं, वहिनींनी मला सगळं सांगितलंय. मर्यादा काढते, पण तुम्ही चालवणार असाल तर नाही. दादा उठून निघून गेले. गुरुवारी बोलले नाहीत, शुक्रवारी माझ्यासमोरून गेले तरी बोलले नाहीत. मला जेवण गोड लागेना. वाटायचं, चार वर्षांचे रविवार घालवले या माणसाने, आणि अगदी दाराशी आल्यावर मी दार लावून घेतलं. पण सही पुसायला हात धजेना.

शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "मी नाही, तर चालवणार कोण?"

मी म्हटलं, "मेहुण्यांना बोलवा."

"त्याने तेल न घालता चालवली. तुम्ही चालवा."

काल सकाळी, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या रविवारी, वहिनींच्या देखत मी डब्यातली मर्यादा काढली. चिठ्ठीवर माझ्याच हाताने रेघ मारली. मी चालवायला बसले, दादा शेजारी. पोती होतीच. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी म्हणताना माझा पाय आपोआप सैल झाला. दादांनी डोळे मिटलेले होते. म्हणाले, "बाई, अडवतंय कोण आता?"

मी पाय दाबला.

ऐंशीच्या पुढे काय असतं, हे मला तुम्हाला सांगता येणार नाही. एक्याऐंशी असतं, मग ब्याऐंशी असतं, आणि मग मोजायला वेळच मिळत नाही. आवाज बदलला. आधी घशातून येत होता, तो पोटातून यायला लागला. दादा दर चार क्षणांनी विचारत होते, "किती?" आणि मी ओरडून सांगत होते. शंभर. एकशे वीस. एकशे अडतीसला ते म्हणाले, "बास, सोडा आता. कळलं मला." खोटं बोलणार नाही, अध्यक्ष महोदया, मी लगेच पाय काढला नाही. रस्ता संपत आला तेव्हा काढला. ही माझी चूक नोंदवहीत मी स्वतः लिहिली आहे.

गाडी थांबली. दादांचे डोळे भरले होते आणि माझेही. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का? पोती काढून बघू म्हणतो." वेळ मारून न्यायला मी म्हटलं, डायरी बघून सांगते.

आता माझी पाच मिनिटं कधीच संपली आहेत. आयोजकांनी मला बोलायला बोलावलं, तुम्ही चहा निवत असताना ऐकून घेतलं, वहिनींनी चार वर्षांचे रविवार आम्हाला दिले, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर जिची सहीच गाडीतली खोट निघाली अशा तपासनिसाला मोठ्या मनाने क्षमा करा.

आणि दादा, डायरी बघितली. मी मोकळी आहे. पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्याही.