खड्ड्यातला कांदाबेडूक

विबेके : ...म्हणून बांधकाम बंद. नगरपालिकेचा निर्णय आहे, आस्गर. या खड्ड्याला आता फावडं लावायचं नाही.

आस्गर : बरं. समजा, तुम्ही अजून आलाच नाहीत. मी दार उघडतो. अरे वा, विबेकेबाई! या, कॉफी घ्या. खड्ड्यात काहीही नाहीये.

विबेके : खड्ड्यात बेडूक आहे.

आस्गर : साधा चामखिळ्या बेडूक आहे हो! गावभर असतात.

विबेके : चामखिळ्यांच्या कुळात डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. दाखवा याच्या. घ्या हातात.

आस्गर : मी? शी! भिजलेला पाव धरल्यासारखं... अहो, हा मुतला!

थोर्किल्ड : तुझा चेहरा इतक्या जवळून बघितल्यावर कुणीही मुतेल.

आस्गर : बाबा, तुम्ही बसा बरं खुर्चीत. तुमच्याच खोलीसाठी चाललंय हे.

विबेके : डोळ्यातली बाहुली बघा, मांजरासारखी उभी. चामखिळ्याची आडवी असते.

आस्गर : मग तळ्यातला असेल.

विबेके : त्या कुळाच्या पाठीवर दोन कडा असतात.

आस्गर : झाडावरचा?

विबेके : बोटांच्या टोकांना चकत्या दिसतात?

आस्गर : नाही. पण चिकटवता येतील.

विबेके : टाचेखाली बोट फिरवा. कडक लागलं? ते त्याचं फावडं. त्यानं उकरत उकरत मागच्या मागे वाळूत शिरतो. आता वास घ्या.

आस्गर : नाही घेणार.

विबेके : घ्या.

आस्गर : ...ईऽऽ! लसूण! कुजकी लसूण! मला ओकारी येतेय.

विबेके : झालं तर मग. फावडेवाल्यांचं कुळ. कांदाबेडूक. कायद्यानं संरक्षित, राहत्या जागेवरून हलवायचा नाही.

आस्गर : कुळ बदलून द्या ना! माझ्या बहिणीनं लग्न केलं, आठवड्यात आडनाव बदलून मिळालं.

विबेके : ती वाळूत शिरत नव्हती.

आस्गर : ऐका हो, बाई. बाबा जिन्यावरून दोनदा पडलेत. त्यांच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त सही राहिलीय. ही खोली झाली नाही तर ते राहणार कुठे?

थोर्किल्ड : घरी.

आस्गर : एकटे?

थोर्किल्ड : मला तुझ्या त्या खोलीची किळस येते. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची. भिंतीला दांडा. आणि तुझी बायको मला साबण लावणार!

आस्गर : ती नाही. बाई येईल एक, पगारी.

थोर्किल्ड : शी! अनोळखी बाई!

(बेडूक तोंड उघडून तान्ह्या मुलासारखा किंचाळतो.)

आस्गर : अगं आई गं! हे काय होतं?

विबेके : सोडा त्याला. फार वेळ धरून ठेवलं की ओरडतो.

थोर्किल्ड : हे मला आधी सुचायला हवं होतं.

आस्गर : बाबा, मी तुम्हाला काय धरून ठेवलंय?

थोर्किल्ड : नाही रे. तू चांगलं करायला जातोस, तेच तर अवघड आहे. विबेकेबाई, याला तुम्ही इथून उचलून दुसरीकडे ठेवला तर?

विबेके : गुन्हा होतो.

थोर्किल्ड : त्याच्या भल्यासाठी ठेवला तरी?

विबेके : तरी.

आस्गर : बाबा, प्लीज.

थोर्किल्ड : तू हात धू आधी. बाई, पेन आहे ना? घ्या लिहून : नगरपालिकेस सविनय विनंती की, अर्जदार थोर्किल्ड, वय वर्षे चौऱ्याऐंशी, यास आजच्या तारखेपासून कांदाबेडकाच्या कुळात दाखल करून घ्यावे, व कायद्यानुसार राहत्या जागेवरून हलवू नये.