दुसरं बटण

जया : ...आईनं सुकट पाठवलीय, जाताना ने...

श्यामसुंदर : ...पंख्याला हात लावू नका, शॉक मारतो...

लहू : ...उजवीकडचं आधी का...

जया : ...धाकटीला गोवर निघालाय...

श्यामसुंदर : ...शेठ मुलुंडच्या घरी असतात, इकडे फिरकत नाहीत...

लहू : बंद कर गं ती! काही ऐकू येत नाही.

जया : मी नाही केली. आपणच बंद पडलीय.

श्यामसुंदर : हेच! बघितलंत ना मिस्त्री, स्वतःच्या डोळ्यांनी? तुमच्याच कंपनीची, पत्र्याची झाकणं ठोकायची मशीन. दिवाळीत आणली आणि शिमग्याआधीच बोंब.

लहू : बटणावर हे काय बांधलंय, भाऊ?

श्यामसुंदर : सायकलची ट्यूब.

लहू : तुम्ही इथले सुपरवायझर. तुमच्या समोर बांधली?

जया : मी बांधली. मला विचार.

लहू : तू गप्प.

जया : का गप्प? मशीन मी चालवते. घरी दादा असशील, इथं तू कंपनीचा फिटर.

श्यामसुंदर : बहीण कडक आहे हां तुमची.

लहू : भाऊ, बसवली त्या दिवशी सांगितलं होतं. बटणं दोन. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तरच ठोका पडतो. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेर. एक बटण बांधून ठेवलं की हिला कळतं. ती उभी राहते.

श्यामसुंदर : जुनीला नव्हतं कळत.

लहू : जुनीवर शेवंतीचं काय झालं?

जया : शेवंती स्टेशनबाहेर भाजी विकते आता. तराजू डाव्या हातानं धरते.

श्यामसुंदर : म्हणून तर ही घेतली! इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे घ्या. घेतली. साहेब खूश. आता ती चालू तर द्या.

लहू : चालूच आहे. बिघाड नाही हिच्यात. बरोबर चालतेय म्हणून थांबतेय.

श्यामसुंदर : हे मी शेठना सांगू? माझीच वाट लावतील ते. आत एक वायर असते म्हणे. ती जोडली की एका बटणावर चालते. कुर्ल्याला कुणीतरी जोडून दिली, ऐकलंय मी.

लहू : मी नाही देणार.

श्यामसुंदर : बरं. मी चहा सांगून येतो. तोवर बोला तुम्ही बहीणभाऊ.

लहू : मुद्दाम गेला तो.

जया : मग? तुला काय वाटलं, चहासाठी गेला? दादा, जोड ना वायर.

लहू : वेडी झालीस?

जया : दोन्ही हात बटणांवर ठेवले तर पत्रा कोण धरणार? पत्रा ठेव, हात काढ, दाब, हात काढ, झाकण उचल. इथं झाकणांवर पगार आहे. जुन्या मशीनवरच्या बायका माझ्या दुप्पट काढतात. नंदा सगळ्यात मागे होती, तिला शनिवारी घरी बसवली. आता सगळ्यात मागे मी.

लहू : रामनाथला काही मिळालं का?

जया : तुझे भावजी अजून मिलच्या गेटवर जाऊन येतात. उघडलीय का बघायला.

लहू : मी शेठशी बोलतो.

जया : काय बोलशील? मशीन चांगली आहे म्हणून? त्यांना माहितीय.

लहू : वायर जोडली आणि तुझी बोटं गेली तर आईला काय तोंड दाखवू?

जया : नको जोडूस. ही बघ, सोडली ट्यूब. वनमाला, सरक इकडे.

लहू : हिला कशाला?

जया : ती झाकणं पुसते. एक हात मोकळा असतो तिचा. एक बटण ती दाबते, एक मी.

लहू : आणि तुझा दुसरा हात?

जया : पत्र्यावर.

लहू : आत?

जया : पत्रा आत असतो, हात कुठं असणार? तुझ्या मशीनला दोन हात लागतात. कुणाचे, ते तिला नाही कळत.

लहू : कधीपासून चाललंय हे?

जया : नंदा गेली तेव्हापासून. ट्यूब आज बांधली, तू येणार म्हणून. तू बघशील, वायर जोडून देशील, असं श्यामसुंदरभाऊ म्हणाले.

लहू : जया, ठोका दुसऱ्याच्या हातात देऊन आत हात घालतेस तू?

जया : म्हणून तर वायर माग‌तेय. निदान बटण माझ्या हातात राहील.

लहू : जोडली तर माझी नोकरी जाईल गं. ते जाऊ दे, पण एका हातानं दाबशील आणि दुसरा आत... नाही. हे माझ्या हातून नाही व्हायचं.

जया : मग वनमाला दाबेल.

लहू : तिला कळतं कसं, कधी दाबायचं?

जया : मी मान हलवते.

लहू : आणि उगाच हलली तर? माशी बसली, खोकला आला?

जया : खोकत नाही मी.

श्यामसुंदर : घ्या चहा, मिस्त्री. मग? काय निघालं?

लहू : काही नाही निघालं. मशीन ठीक आहे.

श्यामसुंदर : वायर?

लहू : नाही.

श्यामसुंदर : ठीक तर ठीक. साहेबांनी विचारलं तर तेच सांगतो, कंपनीचा माणूस तपासून गेला. जया, चल गं, बसून राहू नको.

जया : दादा, सुकट विसरू नकोस.

लहू : ऐक. काही वाटलं तर ओरडायचं. मोठ्यानं, थांब म्हणून. लाजायचं नाही.

जया : ओरडेन.

लहू : लगेच.

जया : हो रे. जा तू आता, तुझ्याकडे लक्ष जातं माझं.

(त्याच दिवशी सकाळी. लहू अजून यायचा आहे.)

श्यामसुंदर : जया, या वनमालाला किती हाका मारायच्या? बघत पण नाही ही.

जया : पलीकडून मारा, भाऊ. माझ्या बाजूच्या कानानं तिला ऐकू येत नाही.