उशिरा ऐकू येणारा हात

— नाही, ती नको धरूस, ती पंख्याची वायर आहे! वायरवाला म्हणवतोस आणि पंख्याची वायर ओढतोस? बस इथं. तलालने पाठवलं ना तुला? माझा जावई, मनामा शहरात बँकेत खुर्ची गरम करतो तो. त्यानेच हे कॉम्प्युटरचं भूत माझ्या खोलीत आणून बसवलं. म्हणे, काका, आता घरबसल्या वाजवा. घरबसल्या! घरबसल्या कोंबडी अंडी उबवते, मिरवास वाजत नाही तसा. आता बघ काय होतं ते. मी मारतो इथं — हे, असं — आणि हेडफोनात ते वाजतं नंतर. किती नंतर? मला काय विचारतोस, मोजायचं काम तुझं. लांबवर कुणी खुंटा ठोकत असला की हातोडा पडलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो ना — तसं. माझ्याच हाताचा आवाज मला शेजाऱ्याने निरोप आणल्यासारखा! थू! किळस येते. आपणच चावलेला घास पुन्हा आपल्याच तोंडात यावा, तशी.

आणि मिरवास म्हणजे काय ढोल आहे होय, धबाधबा बडवला की झालं? वीतभर चीज, मांडीवर बसते — पण एकट्याने वाजत नाही. दोघं लागतात. एकाने मारलं की दुसऱ्याने त्याच्या फटीत मारायचं, तू सोडलेल्या जागेत मी, मी सोडलेल्या जागेत तू. फट केवढी? सुई जाईल, दोरा नाही. त्यात तुझं हे यंत्र उंट घुसवतं. दुसरा कोण? होता एक — आहे, मेलेला नाही, मरतोय कसला. सरहान. आता ह्या कॉम्प्युटरात आहे. तलालने आम्हा दोघांना ह्याच खोलीत बसवून टिपून घेतलं होतं, त्याचा हात वेगळा, माझा वेगळा, आणि दोघांनाही एकेक प्रत दिली. माझा बंद केला की सरहान एकटा वाजतो, तोंड मिटून. एवढं एक ह्या यंत्राने बरं केलं, खरा सरहान तोंड मिटत नाही. भांडलो म्हणजे काय, भांडलो! त्याने मिरवासाला प्लॅस्टिक चढवलं. बोकडाचं कातडं उतरवून — प्लॅस्टिक! म्हणे, दमट हवेत कातडं सैल पडतं, सारखं निखाऱ्यावर धरून धरून जीव गेला. जाऊ दे ना जीव! मी भर बैठकीत म्हटलं, सरहान, हा मिरवास नाही, अंघोळीचा तांब्या आहे. लोक हसले. तो उठला, वहाणा घातल्या, गेला. गेला तो गेला. मी जाऊ त्याच्याकडे? मी का जाऊ? प्लॅस्टिक त्याने लावलं.

मग वाजवतो इथंच — त्याच्याबरोबर म्हण, यंत्राबरोबर म्हण. रोज. आणि माझा हात कानात उशिरा पोचतो, म्हणून मी काय केलं? थोडं आधी मारायला लागलो. म्हणजे कानात बरोबर फटीत पडायचं. वाटलं, जिरवली यंत्राची! पण हाताला कुठे अक्कल असते, हाताला सवय असते. मागच्या गुरुवारी बैठकीत बसलो, समोर नवा गडी, हमद, रक्तामांसाचा खरा माणूस — आणि मी त्याच्या फटीत नाही, त्याच्या डोक्यावर! पळतोय आपला पुढे पुढे, गाढवाला गांधीलमाशी चावल्यासारखा. गाणारासुद्धा वळून बघायला लागला. आता आमच्यात 'चुकलास' असं कुणी म्हणत नाही. तेवढी सभ्यता आहे, आग लागो त्या सभ्यतेला. गाणं चालूच ठेवतात, तुझ्या मांडीवरचा मिरवास अलगद उचलतात आणि हातात कॉफीचा पेला देतात. प्यायचा, आणि मग टाळ्या वाजवायच्या. माझ्या हातात! कॉफी! प्यायलो, काय करतो — अजून घशाखाली उतरलेली नाही ती. एकदा होतं कुणाचंही, माफ असतं. पण दुसऱ्यांदा पेला आला की संपलं, मग तू ऐकणारा, भिंतीला टेकून बसणारा. आणि गुरुवार परवा आहे. तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला खेळणं दुरुस्त करून हवंय.

काय काढलंस? हेडफोन? बिनवायरचा आहे म्हणून उशीर? तलाल तर म्हणाला बिनवायरचा भारी असतो — भारी! दे तो वायरवाला. हं… कमी झालं. पण आहे, शेपूट आहे अजून. म्हणजे कसं, कॉम्प्युटर आवाज हंड्यात साठवतो, हंडा भरला की मग ओततो? मग लहान भांडं दे त्याला! दिलंस? — शी शी शी, काढ, काढ! कढत तेलात ओली मासळी टाकल्यासारखं तडतडतंय, सरहानचे तुकडे पडले सगळे. हंडा मोठा तर उशीर, लहान तर तडतड — हे यंत्र आहे का सरकारी कचेरी? आता हे बटण कसलं फिरवतोस? माझा आवाज कॉम्प्युटरातून येऊच द्यायचा नाही? माइकची वायर खोचलेल्या ह्या डबीतूनच सरळ माझ्या कानात, आणि कॉम्प्युटरातून फक्त सरहान? मग हे आधी का नाही केलंस गाढवा! — तुला नाही म्हटलं, तलालला म्हटलं. दे.

हं. मारला तिथंच वाजतोय. लाव आता सरहान.

…थांबव. पुन्हा लाव. — पळतोय मी. ऐकलंस ना? यंत्र सुधारलं आणि मी तसाच. परवापर्यंत उतरेल हे? खोटं बोलू नकोस, तुला काय ठाऊक उतरतं का नाही ते — दुसऱ्याही घरी बघितलंस? सकाळी? इथं मुहर्रक गावातच? कुणाकडे? …मशिदीमागे, निळा दरवाजा, बाहेर मासळीचे पिंजरे रचलेले? पांढऱ्या प्लॅस्टिकचा मिरवास? हा! तोही पळतो? पळू दे, पळू दे लेकाला, प्लॅस्टिकवर अजून पळेल! एवढंच आधी मारतो? एवढंच — असं? आणि त्याच्या कानात कोण होतं? अरे, एकटा पळत नाही कुणी, कुणाबरोबर तरी वाजवत असेल ना तो!

माझा? माझा हात?

मघाशी मी मारलं तेव्हाच ओळखलास? मग बोलला का नाहीस? …माझं तोंड मिटून, हात चालू ठेवून बसतो काय. हरामखोर. म्हणजे जेवढा तो पुढे तेवढाच मी पुढे, आणि आम्ही दोघं जर समोरासमोर — नको, तू नको समजावूस, एवढं मला कळतं. बंद कर ते. सगळंच बंद कर, तो लाल दिवासुद्धा. मिरवास दे इकडे, कातड्याला बोट लावू नकोस, घामट हात तुझे. चहा? चहा तलालकडे माग. ऊठ, मला कुलूप लावायचंय. आणि माझ्या वहाणा कुठे सरकवल्यास? …कुठे निघालो म्हणजे? तुला काय करायचंय रे, कुठे ते!